उरलेल्या दोन चिठ्ठ्या

प्रवचनाच्या ऐन मध्यावर कोणीतरी हसलं. खदखदून नव्हे, नाकातून हवा सुटावी इतकंच. पण वीज गेली होती, पंखे थांबले होते आणि चाळीस-पंचेचाळीस माणसांच्या त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. एकोणीस वर्षं मी चंद्रपूरच्या या मंडळीपुढे बोलतो आहे. पाळकांच्या गळ्यात तीन मंडळ्या, म्हणून महिन्यातला तिसरा रविवार माझा, सायमन मेश्रामचा. या एकोणीस वर्षांत लोक माझ्यासमोर पेंगले आहेत, बायका दुपारच्या रश्श्याचा विचार करत बसल्या आहेत, निकेशसारखी तरणी पोरं बायबलच्या आत मोबाइल धरून क्रिकेटचा स्कोअर पाहत आली आहेत, आणि कोळसा खाणीतून निवृत्त झालेले बापूराव पहिल्याच बाकावर तोंड उघडं टाकून घोरले आहेत. ते सगळं मी सोसलं, कारण या लोकांकडून मी काही अपेक्षाच ठेवली नव्हती. शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून मला एवढं कळलं होतं की माणसाला बाकावर बसवता येतं, ऐकायला लावता येत नाही. पण हसलं कोणी नव्हतं. दाराजवळ, चपला काढतात त्या जागी एक बाई खाली बसली होती. विटकी हिरवी साडी, हाताची बोटं ओली राहून राहून पांढरी पडलेली. बाहेर पायरीवर तिची ओल्या गोणपाटानं झाकलेली टोपली होती. उपासनेत पवित्र आत्मा यायच्या आधी मासळीचा वास येऊन बसला होता, आणि आमच्या बायका नाकाला पदर लावून त्याच टोपलीकडे चोरून पाहत होत्या, रोहू आहे की कतला.

विषय होता सुरफुनीकी बाईचा. येशू सोर प्रांतात एका घरात जाऊन बसतो. कोणाला कळू नये अशी त्याची इच्छा असते. तिथेही ही परदेशी, परजातीची बाई त्याला शोधत येते आणि माझ्या मुलीला लागलेलं भूत काढ म्हणून पायाशी पडते. तो म्हणतो, आधी घरच्या लेकरांना पोटभर जेवू दे, त्यांच्या तोंडची भाकर कुत्र्यांपुढे टाकणं बरं नाही. ती म्हणते, खरं आहे प्रभू, पण मेजाखालची कुत्रीसुद्धा लेकरांच्या हातून सांडलेलं खातात. त्या उत्तरावर तो मुलीला बरं करतो. या गोष्टीला आमचे लोक घाबरतात. आमचे पाळक तिच्यावर बोलायची वेळ आली की गोड हसून सांगतात, मूळ भाषेत कुत्रा नाही, कुत्र्याचं पिल्लू असा शब्द आहे. जणू पिल्लू म्हटल्यानं त्या बाईला गुदगुल्या झाल्या असतील. नागपूरहून येणारे शिकलेले वक्ते म्हणतात, ती परीक्षा होती, मनातून त्याला तिची दयाच आली होती. मनातलं यांना कोण येऊन सांगून जातं देव जाणे. मला या मलमपट्ट्यांची किळस येते. मी त्या दिवशी स्पष्ट सांगितलं की तो कुत्रा म्हणाला, त्याला कुत्राच म्हणायचं होतं, आणि तिनं ते गिळलं. वाद घातला नाही, तोंड वाकडं केलं नाही. मी कुत्री, असं कबूल करून ती मेजाखाली बसली आणि म्हणून तिला मिळालं. अपमान गिळता येणं म्हणजेच विश्वास, असं मी म्हणालो, थोडा थांबलो, आणि नेमकं त्या थांबण्यात ती हसली.

हे स्पष्टीकरण माझं स्वतःचं आहे, कुठल्या पुस्तकातून उचललेलं नाही. ते मला कुरखेड्याच्या बाजूच्या आमच्या गावात नवव्या वर्षी मिळालं. माझा बाप मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकी होता. बंगल्यामागे मुलांचं वसतिगृह होतं, तीस जागांचं, आणि ते भरलेलं होतं. एके सकाळी बापानं माझे केस तेल लावून चापून बसवले आणि मला मडमसाहेबांपुढे उभं केलं. त्या व्हरांड्यात चहा पीत होत्या. त्यांनी मान हलवली. तुझ्या मुलाला घेतलं तर उद्या अख्खा गाव येईल, जागा कुठे आहे, म्हणाल्या. बापानं हात जोडले. तो म्हणाला, "बाई, पोरगा भिंतीजवळ पडून राहन. सारे जेवल्यावर उरलंसुरलं खाईन. त्याले काई लागत नाई." मी मागे उभा होतो आणि बापाच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग पाहत होतो. त्या क्षणी मला बापाचा इतका राग आला की अजून तो पुरता उतरलेला नाही. पण मला घेतलं. चार वर्षं मी सगळ्यांच्या नंतर जेवलो, भिंतीजवळ झोपलो, आणि त्या उरल्यासुरल्यावर बी.ए. झालो, बी.एड. झालो, नोकरी लागली, घर बांधलं. बापानं गिळलं म्हणून मी झालो. तेव्हा माझ्यासमोर कोणी ताठ मानेनं काही मागायला आलं की माझं डोकं फिरतं. माझ्या बापाला वाकावं लागलं, मग हे कोण टिकोजीराव लागून गेले, असंच माझ्या मनात येतं.

उपासना संपल्यावर फाटकाशी नेहमीचा तमाशा झाला. तासभर नाक दाबून बसलेल्या बायका टोपलीभोवती गोळा झाल्या, कल्ले उचलून पाहू लागल्या आणि घासाघीस करू लागल्या. ख्रिस्ती प्रीतीवरचं गाणं नुकतंच म्हणून झालं होतं. मी आत टेबलाशी बसून चिठ्ठ्या वाटत होतो. आमच्या मिशनचा एक जुना दवाखाना आहे, जीपनं तासाभराच्या अंतरावर. तिथे तीन महिन्यांतून एकदा दक्षिणेकडून मेंदूचे डॉक्टर येतात, सोमवारी पूर्ण दिवस आणि मंगळवारी दुपारी बारापर्यंत, आणि काही न घेता तपासतात. त्यासाठी आमच्याकडे दहा चिठ्ठ्या, पिवळ्या कागदावर, खाली माझी सही. आधी मंडळीची माणसं. त्या दिवशी आठ गेल्या. त्यातली एक बापूरावांची. त्यांच्या मेंदूला झोपेपलीकडे काहीही झालेलं नाही, पण जीपमधून फिरून येणं होतं आणि दवाखान्यात चहा मिळतो, म्हणून ते दर वेळी चिठ्ठी घेतात. दोन उरल्या, त्या मी सदऱ्याच्या खिशात घातल्या. मग ती समोर येऊन उभी राहिली. हात पदराला पुसलेले, पण वास तसाच.

"सर, इथी चिठ्ठी भेटते मने. डोक्याच्या डाक्टरची."

तिनं पोरीचं सगळं सांगितलं. झटके येतात, कुठेही पडते, मागच्या आठवड्यात चुलीजवळ पडली आणि हात भाजला. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या चालू आहेत. तिथल्याच डॉक्टरांनी मेंदूच्या माणसाला दाखवा म्हणून सांगितलं, पण नागपूरला नेणारं घरात कोणी नाही. ती बरंच बोलली. मी मान हलवत होतो आणि वाट पाहत होतो. तिचं झाल्यावर मी विचारलं, "मघाशी तू हसलीस?"

"हो. हासली मी." लाजणं नाही, काही नाही. "तुमी मनले का थे बाई लय वाकून बोलली. मले नाई वाटलं तसं. थे त बराबर बोलली."

"बरोबर म्हणजे?"

"आमी ढिवर लोक, सर. आमच्या तलावावर जाळं ओढलं का मोठी मासोळी मासेमार संस्थेची. तिले कोनी हात नाई लावत. मंग जाळं झटकतात. झटकताना जे बारीकसारीक पारीवर पडते, थे जो येचन त्याचं. अध्यक्षाची पोरगी येचो का रस्त्यानं जानारा येचो, कोनाले इचारा लागत नाई. त्याले आमच्यात भीक नाई मनत. थे बाई तुमच्या देवाले तेच सांगून राह्यली होती. खाली पडलं थे आता तुमचं नाई मने, काऊन अडवता?" ती पुन्हा थोडी हसली. "थो समजला बिचारा. तुमालेच नाई समजलं."

मला हे कोणी म्हणावं! जिला मार्क कोण आणि मत्तय कोण ठाऊक नाही, जी तासापूर्वी पहिल्यांदा ही गोष्ट ऐकते, तीही अर्धी, मध्ये उठून टोपलीवर पाणी शिंपडून येते! मी या एका उताऱ्यावर वह्या भरल्या आहेत. आणि बाई तलावाच्या पाळीवरचा हिशेब घेऊन येते आणि मला समजलं नाही म्हणून सांगते. सगळ्यात वाईट म्हणजे ती मला कमी लेखायला बोलत नव्हती. सहज बोलत होती, काटे काढून दाखवावेत तशी. तेवढ्यावर थांबली असती तरी मी सोडून दिलं असतं. पण तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं. पिवळा कागद पातळ सदऱ्यातून दिसत होता.

"थे मोटे बापूराव माया जवळून मासोळी घेतात, थे सांगत होते. तुमच्या दोन-चार चिठ्ठ्या दरखेपेले उरतातच मने. त्या कुठी जातात?"

त्या माझ्या घरी लोखंडी कपाटाच्या खणात जातात. ते मी सांगितलं नाही. माझा हात खिशावर होता आणि मी चिठ्ठी देणार होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. फक्त ती आधी वाकायला हवी होती. एक वाक्य हवं होतं मला. जरासं खाली पाहून बोललेलं एक वाक्य, बस्स, त्यावर मी ताबडतोब सही केली असती. म्हणून मी तिला गोष्टीतलंच बोललो. म्हणालो, "आधी आमच्या लेकरांचं, बाई. त्यांच्या तोंडची भाकर कुत्र्यांपुढे टाकत नाहीत." आणि थांबलो. मला वाटलं, आत्ताच ऐकलेली गोष्ट आहे, हिला उत्तर आयतं मिळालेलं आहे.

 "मले मनून राह्यले?"

"गोष्टीत आहे."

"गोष्ट त झाली न मघाशी." तिचा आवाज चढला नाही. "चिठ्ठी देता का नाई देत, थे सांगा."

"पुढच्या वेळी बघू. तीन महिन्यांनी ये."

तिनं मान हलवली, पदर खोचला आणि बाहेर गेली. तिनं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. मी टेबलाशी बसून राहिलो, ती परत येईल म्हणून. फाटकाशी ती कोणाला तरी मरळ साफ करून देत होती, खवले उडत होते, आणि आमची एक बाई तिला म्हणत होती की वजन नीट कर. ती तशीच परत न येता गेली.

घरी जेवायला तिचीच मासळी होती. बायकोनं फाटकाशी घेतलेली. मी दोनदा भात घेतला. दुपारी आडवा झालो, झोप आली नाही. जो वेचेल त्याचं, कोणाला विचारावं लागत नाही, हे डोक्यात घुमत होतं. असल्या अडाणी बोलण्याला उत्तर काय द्यायचं! पण मन मला न विचारताच त्या वसतिगृहात गेलं. जेवणं झाल्यावर मोठ्या पातेल्यात भात उरायचा. रोज उरायचा, चांगला दोन-चार जणांचा. माझं ताट वाढून झाल्यावर माझा बापच ते पातेलं उचलून मागे न्यायचा आणि बंगल्याच्या गाईंच्या दावणीत उपडं करायचा. मी येण्याआधीही तो भात उरत होता आणि दावणीत जात होता. मडमसाहेबांना ते माहीत होतं, बापाला माहीत होतं, मी चार वर्षं डोळ्यांनी पाहत होतो. मग त्या सकाळी व्हरांड्यात हात कशासाठी जोडले होते? काय वाचलं त्यांचं, आणि आम्हाला काय मिळालं? पंचावन्न वर्षांत मी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता आणि एका मासे विकणारीनं एवढ्याशा बोलण्यात तो माझ्यापुढे आणून ठेवला. मला तिचा भयंकर राग आला. चहाच्या वेळी बायकोनं विचारलं, काय झालं, तर तिच्यावरही ओरडलो.

सोमवारी जीपमधून आम्ही सहा जण गेलो. आठ चिठ्ठ्या घेतलेल्यांपैकी तिघांनी ऐन वेळी कळवलं की आज जमत नाही. अशी ही लेकरं! बापूराव मात्र इस्त्रीचा सदरा घालून आले होते. दवाखान्यात चिंचेखाली बाकं मांडली होती, बाकांवर फारसं कोणी नव्हतं. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा नोंदणीच्या टेबलावर ठेवला. नवीन परिचारिका होती, तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि जुन्या परिचारिकेकडे बघितलं. जुनी म्हणाली, "सर, किती वेळा सांगायचं? चिठ्ठ्या कोविडच्या आधीच बंद झाल्या. जो येईल त्याला तपासतात. तुम्हाला पत्रही पाठवलं होतं." मला धक्का बसल्यासारखं दाखवावं लागलं, कारण चिठ्ठी घेऊन आलेला निकेश शेजारी उभा होता. पत्र आलं होतं. ते मी वाचून फाइलला लावलं होतं, आणि मग पिवळा कागद आणून नव्या चिठ्ठ्या माझ्याच पैशांनी छापून घेतल्या होत्या. लोकांना शिस्त असावी, कोणीही उठून जीपमध्ये बसू नये, असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. खरं तर चिठ्ठी नसती तर रविवारी उपासना संपल्यावर माझ्या टेबलाशी कोणी कशाला थांबलं असतं? झोपाळू माणसांपुढे बोलणारा एक म्हातारा मास्तर, एवढंच उरलं असतं. ते मला नको होतं.

तीन वाजता डॉक्टर रिकामे होते. पस्तिशीचा माणूस, पेरू कापून मीठ लावून खात होता. त्यांनी मलाही फोड दिली. तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाले, "मेश्राम सर, या भागात झटक्याचे पेशंट इतके कमी कसे? तुमच्याकडून येतात पाच, त्यात आजारी एक. मी एवढ्या लांब येतो. पुढच्या वेळेपासून येणं बंद करतो आहे, व्यवस्थापनाला सांगून झालं. हा शेवटचा फेरा."

पेरूची फोड माझ्या तोंडात होती. मी म्हणालो, "एक मुलगी राहिली आहे."

त्यांनी लगेच वही ओढली. "नाव?"

मला नाव माहीत नव्हतं. मुलीचंही नाही, आईचंही नाही. वय किती, झटके कधीपासून, किती वेळ टिकतात, गोळ्या कोणत्या, त्यांनी एकेक विचारलं. तिनं हे सगळं मला ओळीनं सांगितलं होतं. मी माझ्या वाक्याची वाट पाहत होतो, म्हणून त्यातलं काहीच माझ्यापाशी राहिलं नव्हतं. गाव? मूलच्या पुढे कुठेतरी, नागभीडच्या बाजूला, असा अंदाज. "मासे विकायला रेल्वेनं येते," मी म्हणालो. डॉक्टरांनी वही मिटली. म्हणाले, "उद्या बारापर्यंत मी आहे. आणता आलं तर आणा." परतीच्या जीपमध्ये बापूराव डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब कसा कौतुकानं पाहिला ते सांगत होते.

मंगळवारी सकाळी मी चांदा फोर्ट स्टेशनवर गेलो. गोंदियाकडून येणाऱ्या गाडीनं मासेवाल्या बायका येतात. मंगळवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, तरी तिघी उतरल्या. ती त्यांच्यात नव्हती. मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा मी अशा बायकांना अहो-जाहो केलं. म्हणालो, "तुमच्यातल्या एक बाई, हिरव्या साडीतल्या, ज्यांच्या मुलीला झटके येतात, त्या आज आल्या नाहीत का?"

दोघी आपापल्या टोपल्या सावरू लागल्या. मी पुन्हा विचारलं. तिसरी थोराड होती, कपाळावर गोंदलेली. तिला सुकरी म्हणून हाक मारत होत्या. ती टोपलीवरचं गोणपाट नीट करत म्हणाली, "कुंताले इचारता का?"

"हो, कुंताबाई." नाव मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"तुमीच का थे? देवळातले? कुत्रं मननारे?"

रिक्षावाले ऐकत होते. लाल डगल्यातला हमाल थांबून बघत होता. मी हो म्हणालो. मग मी बोलू लागलो, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. बारीक, घाईचा, हात कधी जोडले गेले ते कळलं नाही. म्हणालो, डॉक्टर बारापर्यंत आहेत, मी गाडी करतो, तुम्ही फक्त गाव सांगा, नाहीतर तिचा फोन द्या, चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही.

"रविवारी लागत होती न?"

"रविवारीही लागत नव्हती."

सुकरीनं आता पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाणीत पाय पडल्यावर माणूस खाली पाहतो, तसं तिनं मला पाहिलं.

"काल सांजच्याले झटका आला पोरीले. थांबूनच नाई राह्यला. एकशेआठची गाडी बोलावली, नागपूरले नेलं. रातीपासून कुंता फोन नाई उचलून राह्यली."

काल तीन वाजता डॉक्टर पेरू खात होते. मी विचारलं, नागपूरला कोणत्या दवाखान्यात.  सुकरीनं सोबतिणीला हाक मारली, दोघींनी मिळून टोपली तिच्या डोक्यावर चढवली, आणि टोपलीतलं पाणी माझ्या बुटांवर सांडलं. मी पुन्हा विचारलं, कोणत्या दवाखान्यात.

"सरका न बाजूले," ती म्हणाली. "रस्ता सोडा."